चौसष्ट मिलिसेकंदांचा उशीर

सुरुवातीलाच माफी मागतो, कारण लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात आजवर जे लिहिलं गेलं ते अर्जच: रजेचा, दाखल्याचा, वीजजोडणीचा. वडिलांनी फौजेत असताना आईला पत्रं लिहिली असतील, पण ती मला कुणी दाखवली नाहीत. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला, आणि तोही संगणकशास्त्राला, त्यामुळे मराठीचा पेपर बारावीनंतर सुटला तो सुटलाच. वार्षिक अंकासाठी काहीतरी दे म्हणून मागे लागलेल्या मॅडमना मी तीनदा नाही म्हणालो. चौथ्यांदा हो म्हणालो, कारण एक गोष्ट मला सांगायची होती आणि ती तोंडाने सांगता येत नव्हती. ती गोष्ट मत्सराची आहे. शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

सांगलीतल्या आमच्या होस्टेलवर नावाने हाक मारायची पद्धत नाही. जो जिथला, ते त्याचं नाव. मी खंडाळा. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, "मग काय, थंड हवा सोडून इकडं कुठं?" ते खंडाळं वेगळं, आमचं सातारा जिल्ह्यातलं, हे समजावण्यात माझं पहिलं सत्र गेलं. माझ्या खोलीत दुसरा होता तो तासगाव. त्याच्या घरची द्राक्षबाग, बेदाण्याची शेड, दारात दोन ट्रॅक्टर. पण मला हेवा वाटला तो या सगळ्याचा नाही. ट्रॅक्टर काय, आमच्या भावकीतही आहेत. त्याच्याकडे कीबोर्ड होता. बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या मामाने बारावी पास झाला म्हणून दिलेला. आणि तो त्याने पलंगाखाली चपलांच्या शेजारी ठेवला होता.

मला पेटी येत होती. म्हणजे गावच्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत रोजच्या प्रार्थनेला पेटी मीच वाजवली. गुरुजींनी शिकवलं तेवढंच, पण सहा वर्षं सगळी शाळा माझा सूर आल्याशिवाय तोंड उघडत नव्हती. कॉलेजात आल्यावर मला कुणी काहीच विचारेना. वर्गात मी हात वर करत नसे. उत्तर येत असलं तरी इंग्रजीत ते कसं सांगायचं याची जुळवाजुळव होईपर्यंत दुसरा कुणीतरी बोलून गेलेला असे.

म्हणून जेव्हा सांस्कृतिक विभागाच्या सरांनी जाहीर केलं की साताऱ्याला आंतरमहाविद्यालयीन समूहगीत स्पर्धा आहे आणि साथीला ढोलकी आणि कीबोर्ड अशी दोनच माणसं घ्यायची आहेत, तेव्हा मला वाटलं, ही जागा माझी. तिथे बोलावं लागत नाही. ढोलकीची जागा ठरलेलीच होती. ती मिरजेची. हा मुलगा तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरातला, वडील आणि चुलते दिवसभर तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढत बसतात, आणि याला तारेपेक्षा कातडं प्रिय. कीबोर्डची एकच जागा, आणि मागणारे दोघे: मी आणि तासगाव.

आता इथे थोडं संगणकाचं सांगावं लागेल. तासगावच्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नव्हता. अमुक कळ इतक्या जोराने दाबली, एवढंच तो वायरीतून कळवतो. आवाज संगणकाने द्यायचा. संगणक माझा होता. आमच्याकडचं एक सायबर कॅफे बंद झालं तेव्हा वडिलांनी तिथला एक डेस्कटॉप उचलून आणला, मोठ्या मॉनिटरसकट. त्यावर मी लिनक्स टाकलं, कारण दुसरं काही त्याला ओढवतच नव्हतं. कीबोर्ड त्याचा, संगणक माझा, टेबल होस्टेलचं. तासगाव पहिल्याच दिवशी म्हणाला, "वाजव की रं दिवसभर. मला कुठं कापून खायचाय त्यो?" असं कुणी सहज काही देऊन टाकलं की मला आधी बरं वाटतं आणि मग वाईट वाटतं. कीबोर्ड माझा असता तर मी तो असा दिला नसता, हे मला माहीत होतं.

पण वाजवायला बसलो तर कळ दाबल्यावर आवाज लगेच येईना. दाबलं, आणि मग आला. फार नाही, पण बोटांना कळत होतं. दरीपलीकडून कुणीतरी आपलंच वाजवणं परत करतंय असं वाटायचं. मी इंटरनेटवर शोधलं. परदेशातली माणसं याच दुखण्याबद्दल पानंच्या पानं लिहीत होती. मी शब्दावर बोट ठेवून वाचायचो आणि वहीत उतरवायचो. कळलं ते इतकं की संगणक आवाज सुटा सुटा सोडत नाही, थोडा थोडा साठवून सोडतो. साठवायच्या त्या भांड्याचा आकडा लहान केला की आवाज लवकर येतो. मी लहान केला, तर स्पीकरमधून खडखड यायला लागली, भाकरीखाली तडतडणाऱ्या चिपाडासारखी. मोठा केला की खडखड जायची, उशीर यायचा. दोन महिने मी हेच केलं. शेवटी एक हजार चोवीसवर थांबलो. वाटेत अशी तीन भांडी भरत होती. वहीत हिशेब मांडला: चौसष्ट मिलिसेकंद. खडखड नको, उशीर चालेल, असं मनाला सांगितलं आणि पुढचे दोन महिने रोज दुपारी दोन-दोन तास सराव केला. हळूहळू उशीर जाणवेनासा झाला. मला वाटलं, माझा सराव वाढला.

इंटरनेटवरच्या त्या पानांखाली प्रश्न विचारायची जागा होती. मी कधी विचारलं नाही. माझं इंग्रजी वाचून लोक काय म्हणतील असं वाटायचं. मी एकदा प्रश्न लिहिला होता, शब्दकोश घेऊन, तासभर. मग पुसून टाकला.

निवडीच्या दोन दिवस आधी, रविवारी, मी कपडे धुऊन वर आलो तर तासगाव माझ्या संगणकासमोर बसलेला. शेजारी मिरज पलंगावर मांडी ठोकून बेदाणे खात होता.

"ये खंडाळा," तासगाव म्हणाला, "तुझं दुखनं काढलं बघ."

"काय केलंस?"

"कळ दाब आदी."

मी ओल्या हातानेच दाबली. आवाज तिथेच होता, बोटाखाली. पुन्हा दाबली. खडखड नाही, काही नाही. आकडा पाहिला: एकशे अठ्ठावीस.

"कसं?"

"इच्यारलं," तो म्हणाला. "त्या तुझ्याच पानावर. काल."

मी ते पान उघडून बघितलं. त्याने लिहिलं होतं: 'सर माय साउंड इज कमिंग लेट प्लीज हेल्प.' बस्, एवढंच. आणि खाली कुठल्यातरी देशातल्या माणसाने एकेक पायरी सांगून उत्तर दिलं होतं. काम नसलं की प्रोसेसर डुलकी घेतो, त्याला घेऊ देऊ नको. वायफायचा खडा, म्हणजे डोंगल, ज्या बाजूच्या भोकात आहे तिथे कीबोर्ड लावू नको. आणि मुख्य म्हणजे, आवाजाच्या कामाला सगळ्यांत आधी वाट मिळावी यासाठी संगणकात एक यादी असते, तिच्यात तुझं नाव घाल. माझं नाव त्या यादीत नव्हतंच. दोन महिने मी आकडे बदलत होतो आणि यादीत नाव नव्हतं. त्याखाली तासगावने पुन्हा लिहिलं होतं: 'थँक यू सर. कम टू तासगाव, वुई गिव्ह ग्रेप्स.' त्या माणसाने त्याला हसरा चेहरा पाठवला होता.

मिरजेने विचारलं, "पण हे भांडं म्हणजे काय रे नेमकं?"

"वडाप बघितलंस न्हवं?" तासगाव म्हणाला. "शिटं भरल्याबिगर जीप हलत न्हाई. हजार शिटांची जीप केली तर पहिला बसलेला म्हातारा व्हतोय. मग ल्हान जीप करायची. पन ल्हान जीपला डायवर सारखा तयार पायजे. ह्याचा डायवर टपरीवर च्या पीत बसला हुता, म्हणून खडखड."

मिरज इतका हसला की बेदाणा घशात अडकला. मीही हसलो. पण मला वाईट वाटत होतं. इतकी सोपी गोष्ट त्याने इतकी सोपी करून सांगितली याचं, आणि ती त्याने माझ्या यंत्रावर, माझ्या खुर्चीत बसून केली याचं. सगळ्यांत जास्त त्या चुकीच्या इंग्रजीचं. त्याला लाज कशी वाटली नाही? आणि लाज वाटली नाही म्हणून त्याचं नुकसान कसं झालं नाही?

निवड मंगळवारी दुपारी झाली. माझा संगणक आम्ही हॉलमध्ये उचलून नेला. सर म्हणाले, "आधी खंडाळा." गाणाऱ्या दहा मुली-मुलं उभी राहिली, मिरजेने ढोलकी मांडीवर घेतली. मी सुरू केलं. पहिल्या ओळीतच मिरजेने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या ओळीला त्याने मान हलवून मला लय दाखवली. तिसऱ्या ओळीला सरांनी हात वर केला.

"पुढे पळतोयस."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा पळालो. मला स्वतःला ऐकू येत होतं, प्रत्येक सूर ढोलकीच्या थापेआधी जाऊन उभा राहत होता, पण बोटं ऐकत नव्हती. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "बरं, राहू दे. तासगाव, तू बस."

तो बसला आणि साधंच वाजवलं. माझ्याइतके सूर त्याला येत नव्हते. पण तो थापेवर होता.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. मिरजही मागून आला.

"तू काहीतरी करून ठेवलंस त्यात," मी म्हणालो.

"कशात?"

"सेटिंगमध्ये. माझ्या वेळी आवाज आधी येत होता."

मिरजेने ढोलकी खाली ठेवली. "भावा, उशिरा आवाज येईल, मान्य. पण कळ दाबायच्या आधीच आवाज कसा येईल? भूत आहे काय संगणकात?"

मग त्यानेच मला ते सांगितलं, हळू आवाजात, हसणं आवरून. "दोन महिने तुझा आवाज उशिरा यायचा. तू थापेच्या आधी कळ दाबायला शिकलास. म्हणजे आवाज थापेवर पडावा म्हणून. आता मशीन सुधारली, तुझी बोटं अजून जुन्या मशीनवर आहेत. आमच्यात नवीन पोरगा ढिल्या तारेवर शिकला तर असंच होतं. महिनाभरात जाईल."

तासगाव म्हणाला, "आरं, मग मी सरांस्नी सांगतो की. परत घ्या म्हनतो त्याची निवड."

"नको," मी म्हणालो. त्याने दिलेली जागा मला नको होती. त्याच्याकडून काढून घेतलेली हवी होती. हे तेव्हा मी असं शब्दांत मांडलं नव्हतं, आता मांडतोय.

सरांनी मला काम दिलं: तासगावच्या शेजारी बसायचं आणि संगणक सांभाळायचा. सनईचा आवाज, मग सारंगीचा, असे बदल करायचे. चार आठवडे रोज दुपारी मी त्याच्या डाव्या हाताला बसलो. त्याची बोटं माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. तो चुकला की हसायचा. आईचा फोन आला की तालमीच्या मध्येच घ्यायचा, "आवं आई, वाजवतोय की, थांबा की जरा," आणि सगळे हसायचे, सरसुद्धा. मी कधी चुकलो असतो तर असं हसलो असतो का, असा विचार करत मी स्क्रीनकडे बघत राहायचो.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी आकडा बदलला. आता काही बंद करून पुन्हा सुरू करावं लागत नाही, चालू असतानाच एक ओळ लिहिली की झालं. एकशे अठ्ठावीसचे पाचशे बारा केले. कुणी विचारलं तर खडखड येऊ नये म्हणून केलं असं सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही. तासगाव लगेच मागे पडायला लागला. एकदा, दोनदा. सर म्हणाले, "झोप झाली नाही का रे?"

तो बोटं चोळत म्हणाला, "आज हात जड झालाय सर."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. त्या दिवशी जेवण मला गोड लागलं. दुसऱ्या दिवशी मी आकडा परत खाली आणला, तरी तो सकाळपासून टेबलाच्या कडेवर बोटं आपटत सराव करत होता. "हाताला वळन लागंना गड्या," म्हणाला. मी म्हणालो, "लागेल." असं मी आणखी दोनदा केलं. दर वेळी त्याने दोष हाताला दिला. यंत्रावर त्याचा पूर्ण विश्वास होता, कारण यंत्र मी सांभाळत होतो.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही पहाटेच्या एसटीने साताऱ्याला निघालो. संगणकाचा डबा चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर, मॉनिटर तासगावच्या. कंडक्टर म्हणाला, "टीव्ही हाय व्हय? आन् लावा की मग, रस्ता लांब हाय." कराडपर्यंत गाडीत कुणीतरी आम्हाला सिनेमाच विचारत होतं. तासगाव सगळ्यांशी बोलत होता. मी डब्याला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. साताऱ्याला उतरेपर्यंत मी ठरवलं नव्हतं. हे खरं आहे, पण त्याचा काही उपयोग नाही.

स्टेजवर चढताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सगळं तुज्या हातात हाय गड्या." त्याला सनई-सारंगीचे बदल म्हणायचे होते. पडदा उघडायच्या आत मी ती ओळ लिहिली. एक हजार चोवीस.

गाण्याच्या सुरुवातीला एकटा कीबोर्ड होता, ते बरं गेलं. मग ढोलकी आली आणि तासगाव मागे राहिला. त्याने वेग घ्यायचा प्रयत्न केला, मग घाबरून थांबला, मग पुन्हा. गाणाऱ्या मुलींपैकी एकीने मान वळवली. कडव्याच्या दुसऱ्या ओळीला आवाज दोन ठिकाणी फाटले, कोण कुणाच्या मागे जातंय कळेना. मिरज ढोलकी जोरात वाजवायला लागला, सगळ्यांना ओढून धरायला. मी तासगावकडे बघत होतो. त्याच्या कानामागून घाम ओघळत होता. जे बघायचं म्हणून मी हे केलं होतं ते समोर होतं, आणि मला ते बघवेना. ते दहाजण काय माझे वैरी होते?

पहिल्या कडव्यानंतर नुसत्या ढोलकीची जागा होती. तेवढ्यात मी आकडा एकशे अठ्ठावीसवर आणला. स्पीकरमधून बारीक टक् झालं. पण एका कडव्यात त्याची बोटं लवकर पडायला शिकली होती. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ तो थेट पुढे पळाला, मी पळालो होतो तसा. मग ओळ संपता संपता सापडला, आणि शेवटपर्यंत थापेवर राहिला. तिसरं, शेवटचं कडवं आमचं इतकं चांगलं कधी तालमीतही झालं नव्हतं.

खाली उतरल्यावर तो भिंतीला टेकून बसला आणि हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. मी सरांना सांगितलं, इथून घर जवळ आहे, जाऊन येतो. निकाल संध्याकाळी होता. संगणक त्यांच्याकडे टाकून मी पुण्याच्या गाडीने खंडाळ्याला आलो आणि फोन बंद करून कपाटात ठेवला.

वडील आता एमआयडीसीत गेटवर असतात. सकाळी ड्युटीवरून आले, मला बघून म्हणाले, "सुट्टी हाय व्हय?" मी हो म्हणालो. आईने दोन वेळा जास्त वाढलं. दोन दिवस मी घराच्या मागच्या बाजूला बसून काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी वडील आपला फोन हातात धरून मागे आले. "कोन तरी हाय. मिरज म्हनतंय. गावाचं नाव सांगतंय का सोताचं, कळंना."

मी फोन कानाला लावला. मिरजेने होस्टेलच्या रजिस्टरमधून नंबर काढला होता.

"लेका, मेलास काय? ऐक. दुसरा नंबर आला. पहिल्या दोन टीम फायनलला जातात, कोल्हापूरला. आपण गेलो! परीक्षक म्हणाले शेवटचं कडवं सगळ्यात भारी. आणि दुसरं ऐक. तासगावनं सरांना सांगितलं, माझा हात गेलाय, पहिल्या कडव्यात मी सगळ्यांना बुडवत होतो, मला बसवू नका. सर नाही म्हणत होते. त्यानं ऐकलं नाही, दोन दिवस मागे लागला. म्हणाला, खंडाळ्याला बसवा, त्याचा हात आता ठीक असेल, आणि शेजारी मशीन मी सांभाळतो. आज सर हो म्हणाले. कीबोर्डची जागा तुझी. सोमवारी तालीम आहे, त्यानं तुझ्या टेबलावर सगळं जोडून ठेवलंय. ऐकतोयस ना?"